चंद्रकलाबाईंचं दीड वर्षाचं गिऱ्हाईक

वाशीम जिल्ह्यात ज्या घरात रांगतं लेकरू आहे, त्यातल्या पुष्कळ घरांत माझं नाव पोचलं आहे. चांगलं छापून पोचलं आहे. फक्त ते रोह्याच्या शेपटाखाली आहे.

रोही म्हणजे नीलगाय. पण जे जनावर सोयाबीनची अख्खी ओळ फस्त करून जातं त्याला गाय म्हणायला आमच्याकडे कुणाची जीभ रेटत नाही, म्हणून रोही. लहान लेकरांसाठी रानातल्या जनावरांच्या गाण्यांचं एक चित्रांचं पुस्तक माझ्या प्रेसमध्ये छापलं गेलं. त्याच्या मागच्या कव्हरवर हा रोही पाठमोरा उभा आहे, मान वळवून हसतो आहे, आणि त्याचं शेपूट जिथं संपतं तिथं बारीक अक्षरात 'मुद्रक' आणि त्यापुढं मी. मी रिठद गावाहून एक पिशवी घेऊन वाशीमला आलो. लग्नपत्रिकावाल्याकडे छपाईचे शिशाचे खिळे जुळवले, मग पायानं चालवायचं मशीन घेतलं, मग ऑफसेट. यातलं काहीही कुणी सांगितलेल्या भावात घेतलेलं नाही. नागपूरचे कागदवाले माझा फोन आला की आधी घोटभर पाणी पितात. अशा माणसाचं नाव शेवटी लागलं कुठं, तर तिथं.

हे ज्या बाईंमुळे झालं त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे. माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चंद्रकलाबाई अनसिंगच्या पुढच्या एका खेड्यात अंगणवाडीच्या सेविका होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, केसांचा पांढरा बुचडा आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या टपरीवरचा माणूस वळून बघेल. निवृत्तीला काही महिने उरले होते तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. मी खुर्ची पुढं केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागदाच्या गठ्ठ्याला पाठ टेकून सरळ फरशीवर बसल्या आणि पिशवीतून सतरा कागद काढून भोवती मांडले. सतरा जनावरं. बाईंनी स्वतः रंगवलेली. बांगडी ठेवून डोकं काढलेलं, वाटी ठेवून पोट.

"बाई, वर बसा ना," मी म्हटलं.

"वरून काही दिसत नाही, भाऊ. तुमीच खाली या."

मी काही खाली बसलो नाही. माझ्याच प्रेसमध्ये मी फरशीवर बसू? उभ्यानंच पाहिलं. अस्वलाचं चित्र माझ्या पायाशी होतं आणि खाली गाणं लिहिलेलं होतं:

*अस्वल आलं डुलत डुलत,*
*मोहाखाली फुलं गिळत.*
*पोट झालं एवढं मोठं,*
*अस्वल म्हणे, घर कोठं?*

बाईंनी ते वाचून दाखवलं नाही; करून दाखवलं. बसल्या बसल्या दोन्ही बाजूंना डुलल्या, गाल फुगवले, आणि शेवटच्या ओळीला असं भांबावून इकडंतिकडं पाहिलं की आमचा म्हातारा बाइंडर गफूरभाई हातातलं काम सोडून हसायला लागला.

मग त्यांनी कागदाचे नमुने मागितले. मी जाड, पातळ, गुळगुळीत, सगळे दाखवले. कागद घ्यायला आलेला माणूस तो बोटांत चोळतो, उजेडात धरतो. बाईंनी एकेका नमुन्याचा कोपरा तोंडात घातला आणि डोळे मिटून चावला.

"अहो बाई, हे काय करून राह्यल्या?"

"तुमचं गिऱ्हाईक कोण हाय? पुस्तक घेणारा बाप नाही. दीड वर्षाचं लेकरू हाय. ते आधी चावते, मंग पाह्यते. हा कागद कडू लागते. हा भिजला की लगदा होते. हा चालते." मग हसून म्हणाल्या, "दीड वर्षाच्या गिऱ्हाइकाले फसवता येत नाही, भाऊ. त्याले तुमची पाटी वाचता येत नाही, तुमचं बोलणं समजत नाही. आवडलं तं तोंडात, नाही आवडलं तं फेकून."

हे वाक्य त्या ऊठसूट म्हणत. मला दर वेळी वाटे की टोमणा मलाच आहे.

बाईंची आणखी एक सवय अशी की अंगणवाडीतल्या प्रत्येक लेकराला त्या 'साहेब' म्हणत. "ओ साहेब, नाक पुसा." "साहेब, चप्पल उलटी घातली तुमी." आणि जे खरे साहेब तपासणीला येत त्यांना म्हणत 'बाळा'. "बाळा, जेवला का रे?" वयानं त्या सगळ्यांच्या आईसारख्या, त्यामुळे कुणी रागावूही शकत नसे. मला मात्र कायम भाऊच म्हणाल्या. मी कशात बसतो ते त्यांना ठरवता आलं नसावं.

आता भांडणाचं सांगतो. पुस्तकाची आतली पानं सोळाच्या हिशेबात छापली जातात. एका पानावर एक जनावर, म्हणजे सोळा जनावरं. बाईंकडे सतरा. पुढच्या कव्हरवर नाव आणि वाघ. मागचं कव्हर मी माझ्या प्रेसच्या जाहिरातीसाठी मागून घेतलं होतं. त्याबदल्यात कव्हरला लॅमिनेशन मी माझ्याकडून करून देणार होतो, असं आमचं ठरलेलं होतं.

"एक जनावर कमी करा," मी म्हणालो. "हा रोही काढा. कास्तकाराच्या घरात जाणार हे पुस्तक. रोह्याचं गाणं कोण म्हणीन?"

बाईंनी उत्तरादाखल गाणं म्हटलं:

*रोही आला, रोही आला,*
*हिरवा हिरवा पाला खाल्ला.*
*आजा म्हणे, हाट् रे हाट्!*
*रोह्यानं धरली रानाची वाट.*

"बाई, मी काय म्हणून राह्यलो अन् तुमी काय म्हणून राह्यल्या?"

त्यांनी पुन्हा तेच गाणं म्हटलं. जरा हळू, मी मंद असल्यासारखं.

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. समोरचा चढतो, आपण उतरतो. समोरचा उठून जायचं नाटक करतो, आपण त्याला दारापर्यंत जाऊ देतो. बाई चढतही नव्हत्या आणि उतरतही नव्हत्या. मी म्हटलं तडस काढा, त्यांनी तडसाचं गाणं म्हटलं. मी म्हटलं कोल्हा काढा, तर:

*कोल्हा बसला बांधावर,*
*शेपूट टाकलं खांद्यावर.*
*बोरं खाल्ली मूठभर,*
*बिया थुंकल्या गावभर.*

मशीनवरची माणसं तोंड दाबून हसत होती. माझा पारा चढला. मी ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही, पण बरंच. बाईंनी एक टाळी वाजवली. एकच, फटाकन. आणि बोट ओठावर ठेवलं. मी गप्प झालो. अंगणवाडीतल्या लेकरांच्या कलकलाटावर चालणारा उपाय माझ्यावर चालला, याची मला घरी गेल्यावर लाज वाटली.

"मागचं कव्हर रोह्याले द्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचं नाव खाली राहू द्या, बारीक."

आणि मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला आजतागायत कळलेलं नाही. शेपटाचं तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

छापण्याआधी बाईंना रंगीत प्रूफ अंगणवाडीत नेऊन लेकरांवर पारखायचं होतं. मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. खरं तर काम लांबतंय म्हणून घाई करायला गेलो होतो. एक खोली, भिंतीवर रंगवलेला आंबा आणि फणस, सतरंजीवर पंधरा-वीस साहेब. बाईंनी वाघाचं पान समोर धरलं आणि जीभ बाहेर काढली:

*वाघोबाला लागली तहान,*
*जीभ मोठी, डबकं लहान.*
*लप लप लप, संपलं सारं,*
*बेडूक म्हणे, आता जा रं!*

वीस जिभा बाहेर आल्या. लप लप लप. एका पोरीनं पान ओढून घेतलं आणि खरंच चाटलं. बाईंनी लगेच तिचं तोंड उघडून जिभेवर रंग उतरला का ते पाहिलं. उतरला नव्हता. "पास," असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

इतक्यात एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. नातवाला न्यायला आला होता. त्याच्या कानावर रोह्याचं गाणं पडलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"बाई, हे काय शिकवून राह्यल्या तुमी? इकडं आमी कुंपणं घालू घालू मेलो, अन् तुमी रोह्याची गाणी म्हणून राह्यल्या?"

मी मनात म्हटलं, बघा, मी काय सांगत होतो!

बाई उठल्या नाहीत. "काका, तुमचा नातू दोन वर्षांचा हाय. त्यानं अजून दोस्तच पाह्यला नाही नीट. त्याले दुश्मन आतापासून काहून दाखवू?"

म्हातारा नातवाचा हात धरून वळला, पण त्याची नजर चित्रावर गेली आणि तो थबकला. वाकून बघू लागला. मग चक्क उकिडवा बसला.

"हे चुकलं," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"पाय चुकले. रोह्याच्या पायात पांढरे तोडे अस्तेत, बाई. खुराच्या वर. एकेका पायात दोन-दोन. अन् गळ्याखाली दाढीवानी केस पाह्यजे. तुमी तं वासरू काढून ठेवलं."

"तुमाले कसं म्हाईत, काका?"

"मले नाही तं कोणाले म्हाईत असन? वर्सानुवर्सं मीच तं त्याच्या मांगं पळून राह्यलो."

बाईंनी खडू पुढं केला. म्हाताऱ्यानं फरशीवर रोह्याचा पाय काढून दाखवला, तोड्यांसकट. नातू बाजूला बसून "हाट् रे हाट्" म्हणत होता. बाईंनी तिथंच चित्र दुरुस्त केलं. त्यामुळे आमच्या पुस्तकातला रोही अगदी बिनचूक आहे, आणि तो बिनचूक करून दिला तो त्याला आयुष्यभर हाकलणाऱ्या माणसानं. परतीच्या वाटेवर बाई गाडीत एकच वाक्य बोलल्या, "पाह्यलं का भाऊ, किती लक्ष देऊन राग केला त्यानं!"

हा टोमणा मात्र नक्की मला होता.

आता पिनांबद्दल. इथून पुढं लिहायला मला जड जातं, पण लिहितो.

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पुस्तकाले पिना नाही मारायच्या. दोऱ्यानं शिवायचं." मी हो म्हटलं होतं. पण दोऱ्यानं शिवायला वेळ जातो, आणि त्या आठवड्यात माझ्याकडे दुसरीही कामं तटून होती. सोळा पानी पुस्तकाला मध्ये दोन पिना मारल्या की मिनिटाचंही काम नाही. सगळी दुनिया मारते. मी गफूरभाईला म्हणालो, पहिल्या दोनशे प्रतींना पिना मारून टाक. गफूरभाई म्हणाला, "लेकिन मालक, बाई तो धागा बोले थे."

"बाईले काय समजते? मार तू."

त्यानं मारल्या. एक प्रत मी संध्याकाळी घरी नेली. माझी नात अन्वी तेव्हा चौदा महिन्यांची होती. पुस्तक हातात दिल्याबरोबर तिनं कोपरा तोंडात घातला. मी खूश झालो. बाईंचं गिऱ्हाईक म्हणतात ते हेच, असं सुनेला, शीतलला, कौतुकानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. प्रतींचे गठ्ठे पाहून आनंदानं फरशीवर बसल्या, एक प्रत उघडली, मधलं पान पाहिलं आणि चेहऱ्यावरचं हसू गेलं. काही न बोलता त्यांनी प्रतीची घडी दातात धरली, लेकरू धरतं तशी, आणि दोन-तीन झटके दिले. मग तोंडातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. पिन होती. वाकडी, टोकं वर.

"हे काय हाय, भाऊ?"

सगळी प्रेस बघत होती. मी म्हणालो, "गफूरभाईनं चुकून मारल्या."

गफूरभाई माझ्याकडे बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "हाँ बाई. गलती हो गई."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ठीक हाय. काढू."

दुपारच्या आत त्या गावातल्या सहा बायांना जीपमध्ये घालून घेऊन आल्या. गोधड्या शिवणाऱ्या बाया. जाड सुया, मेणावर ओढलेला दोरा. माझ्या प्रेसच्या फरशीवर गोल करून बसल्या आणि एकेका प्रतीच्या पिना काढून मधोमध गोधडीचा टाका घालू लागल्या. टाका घालता घालता त्या चित्रं बघत आणि हसत. सायाळीच्या पानावर एक जण थांबली आणि मोठ्यानं वाचू लागली:

*सायाळबाई, सायाळबाई,*
*अंगावर साऱ्या सुयाच सुया.*
*कुशीत कशी गं घेते आई?*
*हळूच, हळूच, हळूच, बया!*

"माया सासूवर केलं का वं हे गाणं?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

बाई मात्र हसत नव्हत्या. शिवून झालेल्या प्रती त्या दहा-दहाच्या थप्प्यांत लावत होत्या. शेवटची थप्पी नऊची झाली.

"एक कुठं हाय?"

"असन कुठं पडली. मोजण्यात चूक झाली असन," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा मोजलं. एकशे नव्व्याण्णव. गफूरभाई म्हणाला, मी दोनशेला मारल्या, बरोबर दोनशेला.

"बाई, एका प्रतीचं काय घेऊन बसल्या? काम खोळंबून राह्यलं माझं!"

"मी उठत नाही, भाऊ. पिनांवाली एक प्रत बाहेर हाय. ती ज्या लेकराजवळ हाय तिथं जाऊन घ्या लागते."

मी भडकलो. माझ्याच प्रेसमध्ये, माझ्या माणसांसमोर, एका प्रतीवरून माझी झडती! मी टेबलावर हात आपटला. म्हणालो, मी काय चोर आहे का, प्रत काय मी घरी नेऊन…

आणि तिथंच थांबलो.

शीतलला फोन लावला. "पुस्तक कुठं हाय?"

"अन्वीजवळच हाय बाबा. सकाळपासून सोडलंच नाही तिनं. चावून चावून पार…"

"मधात पिना हायत. दोन. पाह्य बरं."

फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. मग पुन्हा पानं उलटल्याचा.

"शीतल?"

"एकच हाय, बाबा."

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. गाडी कोणी चालवली ते आठवत नाही. दवाखान्याचा जिना आठवतो. शीतल अन्वीला छातीशी धरून आधीच पोचली होती. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी घाई केली पण घाबरवलं नाही. लेकराला फोटो काढायच्या खोलीत नेलं. ते रडलं. ते रडतंय याचंच बरं वाटत होतं. मी बाकावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. समोर कोणी भाव करायला नव्हतं. मला घासाघीस एवढीच येते आणि तिथं कुणाशी करावी ते कळत नव्हतं. हे घ्या, ते घ्या, प्रेस घ्या, असं मी मनातल्या मनात कोणाला तरी म्हणत होतो आणि पलीकडून उत्तर येत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आल्या. "काही नाही. घशात नाही, छातीत नाही, पोटात नाही. धातू असता तर स्पष्ट दिसला असता. बाळ ठणठणीत आहे."

शीतल रडायला लागली. मी डॉक्टरांना वाकून नमस्कार केला. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. छातीवरचा दगड उतरणं म्हणतात ते मी तोवर नुसतं छापलेलं वाचलं होतं.

पण जीव ठिकाणावर येताच माझा राग परत आला. एवढं सगळं झालं आणि बाई कुठं होत्या? दवाखान्यात आल्या नाहीत. ज्यांनी हे सगळं उकरलं त्यांनी निदान सोबत यायला नको?

घरी आलो तर दार उघडं. शेजारपाजारच्या बाया दारात गोळा झालेल्या, आणि माझ्या बैठकीच्या खोलीत, टाइल्सवर, चंद्रकलाबाई दोन्ही हात आणि दोन्ही गुडघ्यांवर रांगत होत्या. साडीचा काचा मारलेला, बुचडा सुटलेला, साठीच्या घरातली बाई. सोफ्याखाली गाल टेकवून बघत, मग पुढं सरकत, मधेच थांबून मान वर करून लेकरासारखं खोलीभर पाहत.

"लेकरू ठीक हाय?" त्यांनी रांगत रांगतच विचारलं.

"ठीक हाय. पोटात काही नाही."

त्या तशाच, हातागुडघ्यांवर, क्षणभर डोळे मिटून राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग पिन घरातच हाय. सापडेपर्यंत तिले खाली ठेवू नका." आणि पुन्हा रांगू लागल्या.

"बाई, उठा. झाडून घेतो सगळं."

"झाडून नाही सापडत. तिनं टाकली नसन, ठेवली असन. या वयात लेकराले बारीक वस्तू सापडली अन् बारीक भोक दिसलं, की एकात एक घालून पाह्यल्याशिवाय त्याचा जीव राहत नाही."

त्यांनी भोकं शोधायला सुरुवात केली. पंख्याची जाळी, सोफ्याची फट, मोरीचं झाकण. शेवटी आमच्या लाकडी कपाटाच्या खालच्या दाराशी थांबल्या. त्या दाराच्या कुलपाची किल्ली कधीचीच हरवलेली. बाईंनी केसातला आकडा काढून भोकात फिरवला. पिन बाहेर आली.

ती त्यांनी तळहातावर धरून मला दाखवली. मी वाट पाहत होतो. आता बोलतील. मी तुमाले सांगतलं नव्हतं का, दोऱ्यानं शिवा म्हणून? मी तयार होतो, माझ्याकडे उत्तरंही तयार होती. बाई काहीच बोलल्या नाहीत. उठताना त्यांना कपाटाचा आधार घ्यावा लागला. शीतलला म्हणाल्या, "पोरी, चहा टाक. साखर जास्त." 

पुस्तक निघालं. सगळ्या प्रती दोऱ्यानं शिवलेल्या. अंगणवाड्यांतून गेलं, लोकांनी मागून नेलं, पुन्हा छापलं, पुन्हा शिवलं. गफूरभाईची मी माफी मागितली नाही. त्याला नवा चष्मा करून दिला, एवढंच. बाईंना मात्र मी काही देऊ शकलो नाही, कारण त्यांनी काही मागितलंच नाही. हीच माझी खरी तक्रार आहे. शेपटाचं लोक हसतात म्हणून सांगतो. पण ज्या माणसानं आपल्याला चारचौघांत धुवायला हवं होतं त्यानं एक शब्द बोलू नये, हे माझ्यासारख्याला फार जड जातं. भांडण झालं असतं तर मिटलं असतं.

मागच्या वर्षी कळलं की बाई हैदराबादला मुलीकडे राहायला चालल्या आहेत. वाशीमच्या स्टेशनवर मी अन्वीला घेऊन गेलो. अन्वी आता शाळेत जाते. तिनं बाईंना नमस्कार केला आणि माझ्या पायामागं लपली. बाई म्हणाल्या, "लाजून राह्यली. चांगलं हाय," आणि तिला जवळ ओढण्याचा प्रयत्न केला नाही.

बाईंना वरचा बर्थ मिळाला होता. खालच्यावर एक जाडजूड इसम बसलेला. मी त्याच्याशी असा भिडलो की अख्खा डबा गोळा झाला. पाच मिनिटांत तो वर आणि बाई खिडकीशी. मग मी खाली उतरून खिडकीपाशी आलो. सिग्नल झाला होता.

"बाई," मी म्हणालो, "पिना गफूरभाईनं नव्हत्या मारल्या. म्हणजे मारल्या त्यानंच. पण मी मारायले लावल्या होत्या. तुमी सांगतलेलं असून."

"म्हाईत हाय मले."

"कसं काय?"

"गफूरभाईनं त्याच संध्याकाळी सांगतलं. म्हणे, मालकाले नका सांगू मी बोललो म्हणून." बाई हसल्या. "आता गाडी सुटून राह्यली, काय करता त्याले?"

"मंग तुमी बोलल्या काहून नाही मले? इतके वर्स?"

बाईंनी गजांना तोंड लावलं. "भाऊ, त्या दिवशी तुमी प्रेसमधून पळाले ना, तवा एक चप्पल प्रेसच्या पायरीवर राह्यली होती तुमची. एक पाय अनवाणी, एका पायात चप्पल, असे पळाले भर बाजारातून गाडीपर्यंत. मी मांगून पाह्यलं. त्याच्यावर अजून काय बोलू तुमाले?"

मला हे माहीतच नव्हतं. मी दवाखान्यात एका चपलेनं बसलो होतो, डॉक्टरांना एका चपलेनं वाकून नमस्कार केला होता, आणि कुणी मला सांगितलं नव्हतं. खरं सांगतो, छाती हलकी झाली. अन्वीनं माझं बोट ओढलं. गाडी हलली.

खिडकी पुढं सरकू लागली तशी मी दोन पावलं सोबत चाललो. बाई आता माझ्याकडे बघत नव्हत्या. सीटवर आखडून बसून त्यांनी एका पायातली चप्पल काढून हातात घेतली होती, दुसरा पाय उंच केला होता, आणि वरच्या बर्थवरच्या त्या जाडजूड इसमासकट सगळ्या डब्याला करून दाखवत होत्या, मी कसा पळालो ते. डबा हसत होता. मी "ओ बाई!" म्हणून जोरात ओरडलो. तोवर ती खिडकी निघून गेली होती.